एकाच लाइनमधून दोन औषधं: कुठली चालतात, कुठली अजिबात नाहीत?

खाडीपलीकडची

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गातल्या एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. भातलावणी उरकत आली की आमचा वॉर्ड तापाच्या पेशंटनी भरतो. त्यातले बरेचसे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, चिखलपाण्यातून होणारा ताप) संशयित. दिवसदिवस चिखलात उभी राहिलेली माणसं, पायांना चिरा पडलेल्या, अंगातलं पाणी आटलेलं, डोळे पिवळे, प्लेटलेट खाली. शिरा बसलेल्या असतात, एक इंट्राकॅथ (शिरेत ठेवायची बारीक नळी) कशीबशी लागते. मग त्याच एका लाइनला आरएल (रिंगर लॅक्टेटची बाटली) चालू, त्यातूनच सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक, त्यातूनच पित्तासाठी पॅन्टोप्राझोल, उलट्या होतायत म्हणून ऑन्डनसेट्रॉन, आणि लघवी कमी झाली की रात्री फ्युरोसेमाइड.

परवा रात्रपाळीच्या सिस्टरने पॅन्टोप्राझोलनंतर लगेच ऑन्डनसेट्रॉन पुश करायला घेतलं, तर थ्री-वेच्या (नळीला जोडलेल्या तीन तोंडांच्या तोटीच्या) कोपऱ्यात पांढुरकी धूसर रेघ दिसली. तिने हात तिथेच थांबवला, लाइन बंद केली, सेट काढला. पेशंट व्यवस्थित आहे. पण सकाळी ओव्हर देताना तिने विचारलं, "ताई, हे कुठे लिहिलेलं असतं?" आणि आमच्यापैकी कुणालाच नीट सांगता आलं नाही.

योग्य पेशंट, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे आम्हाला झोपेतही पाठ आहे. त्या नळीत आधीपासून काय आहे, हा प्रश्न त्या पाचांत कुठेच येत नाही. म्हणून इथल्या डॉक्टरांना, फार्मासिस्टना आणि सिस्टरना विनंती: रोजच्या वापरातल्या औषधांबद्दल सांगा. मला वॉर्डात भिंतीवर लावायला तक्ता करायचा आहे.

पन्हळ

ताई, फार गरजेचा विषय. मी हॉस्पिटल फार्मसीत आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. जमेल तेवढं लिहितो.

आधी तुमच्या रात्रीच्या प्रसंगाचं. पॅन्टोप्राझोल पाण्यात विरघळलेलं राहतं ते द्रावण अल्कलीधर्मी असतं म्हणून, त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचं माप, जास्त आकडा म्हणजे जास्त अल्कली) ९ ते १० च्या आसपास असतो. ऑन्डनसेट्रॉन आम्लधर्मी, पीएच साडेतीन-चारच्या घरात. दोन्ही नळीत भेटली की एकमेकांचा पीएच बिघडवतात. जे औषध ज्या पीएचला विरघळलेलं होतं तो पीएच राहिला नाही, की ते घन होऊन बाहेर पडतं. दुधात लिंबू पिळावं तसा प्रकार. ती पांढरी रेघ म्हणजे औषधाचेच कण. हे कण शिरेतून थेट फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊ शकतात. तुमच्या सिस्टरने सेट काढला हे अगदी बरोबर केलं.

हाच नियम धरला तर अर्धा तक्ता इथेच तयार होतो. अल्कलीधर्मी बाजूला फ्युरोसेमाइड, पॅन्टोप्राझोल, इसोमेप्राझोल, फेनिटॉइन, सोडाबायकार्ब, अमिनोफायलिन, अ‍ॅसायक्लोव्हिर, अ‍ॅम्पिसिलिन. आम्लधर्मी बाजूला ऑन्डनसेट्रॉन, मेटोक्लोप्रामाइड, मिडाझोलाम, डोब्युटामिन, डोपामिन, अ‍ॅड्रेनलिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, व्हॅन्कोमायसिन, सिप्रोफ्लोक्सासिन, लॅबेटालॉल. एका बाजूचं औषध दुसऱ्या बाजूच्या औषधाच्या मागोमाग, मध्ये लाइन न धुता, द्यायचं नाही. या गटांतली प्रत्येक जोडी पांढरी होईलच असं नाही, पण खात्री नसेल तेव्हा नाही असंच धरायचं.

दुसरी बाजू कॅल्शियमची. आरएलच्या बाटलीवरचं लेबल वाचा, त्यात कॅल्शियम क्लोराइड लिहिलेलं असतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आले की न विरघळणारा क्षार होतो. सोडाबायकार्ब आणि कॅल्शियम ग्लुकोनेट एकत्र आले की सरळ चुनखडीच होते, हे डोळ्यांना लगेच दिसतं. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) आणि कॅल्शियम ग्लुकोनेट हेही एका नळीत नको.

तिसरी गोष्ट जी दिसतच नाही. जेन्टामायसिन किंवा अमिकासिन आणि पेनिसिलिन गटातलं औषध एका बाटलीत घातलं तर द्रावण स्वच्छच दिसतं, पण अमिनोग्लायकोसाइड, म्हणजे ते जेन्टामायसिन किंवा अमिकासिन, निष्प्रभ होत जातं. इन्सुलिन पीव्हीसीच्या नळीला चिकटतं, नायट्रोग्लिसरिनही चिकटतं. सोडाबायकार्बमध्ये अ‍ॅड्रेनलिनसारखी औषधं फुकट जातात, रंग बदलेल तेव्हा बदलेल. म्हणून "पांढरं झालं नाही म्हणजे चालतं" हे मनातून काढून टाकायला हवं.

दर्यावर्दी

माझा दवाखाना किनाऱ्यालगतच्या गावात आहे. मोठ्या माणसांना आरएल चालू असताना सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मी आणि माझ्याआधीच्या कित्येकांनी दिलं असेल. डोळ्यांदेखत कुणाला काही झालेलं नाही. इतकं घाबरवायचं कारण आहे का? खेड्यात एकच शीर मिळते, दोन लाइन कुठून आणायच्या?

कातळसडा

दर्यावर्दी, प्रश्न रास्त आहे, त्याचं नेमकं उत्तर द्यायला हवं. मी फिजिशियन आहे, पावसाळ्यात लेप्टो हेच आमचं मुख्य काम.

नवजात बाळांत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि कॅल्शियम दिल्यावर फुप्फुसात आणि मूत्रपिंडात क्षार साचून मृत्यू झाल्याची नोंद झाली, त्यावरून अमेरिकेच्या एफडीएने २००७ साली इशारा दिला. २००९ साली तो सुधारला. आजची स्थिती अशी: २८ दिवसांपर्यंतच्या बाळाला कॅल्शियम असलेलं द्रव चालू असेल किंवा लागणार असेल तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन द्यायचंच नाही, वेगळ्या लाइनमधूनही नाही. त्याहून मोठ्यांना एकामागोमाग एक देता येतं, पण मध्ये लाइन नीट धुऊन. एकाच वेळी वाय-जोडातून (दोन नळ्या मिळून एक होते तिथून) मात्र मोठ्यांनाही नाही.

म्हणजे तुमचे पेशंट ठीक राहिले याचं मला आश्चर्य वाटत नाही. मोठ्या माणसाच्या शिरेत रक्ताचा प्रवाह जास्त, संपर्काचा वेळ कमी. पण त्यातले काहींचे कण नळीतच अडकले असतील, काहींना औषध कमी पोचलं असेल, आणि ताप उतरत नाही म्हणून आपण अँटिबायोटिक बदललं असेल. त्याची नोंद कुठेच होत नाही. लेप्टोच्या पेशंटची मूत्रपिंडं आधीच अडचणीत असतात, फुप्फुसात रक्तस्राव व्हायची भीती असते. त्याच्या रक्तात फुकटचे कण सोडायला माझं मन घेत नाही.

आणि यासाठी दोन लाइन लागत नाहीत. आरएल बंद करायचं, १० मिली नॉर्मल सलाइनने धुवायचं, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १०० मिली सलाइनमध्ये अर्ध्या तासात सोडायचं, पुन्हा १० मिलीने धुवायचं, आरएल सुरू. त्याहून सोपं म्हणजे त्या पेशंटला आरएलच हवं का, हे राउंडला विचारायचं. बऱ्याचदा नॉर्मल सलाइनवर भागतं. आणि लक्षण सौम्य असेल, पेशंट खातपीत असेल तर तोंडाने डॉक्सिसायक्लिन आहेच, त्याला लाइनची गरजच नाही.

खाडीपलीकडची

डॉक्टर, पन्हळ दादा, मनापासून आभार. धुवायचं म्हणजे नक्की कुठून आणि किती, हे जरा सांगाल का? आमच्याकडे कुणी ५ मिली म्हणतं, कुणी बाटली थोडी मोकळी सोडा म्हणतं.

वळेसार

हे मी सांगते, मी भूलतज्ज्ञ आहे आणि नळीत किती औषध उरतं हा आमचा रोजचा विषय.

धुवायची जागा जिथे औषध शिरलं तीच. सुईचा पोर्ट इंट्राकॅथच्या डोक्यावर असेल तर पुढे उरते ती फक्त कॅन्युला, म्हणजे शिरेतली नळी, थोड्या सलाइनने काम होतं. पण थ्री-वेला लांब एक्स्टेन्शन असेल तर त्यात कित्येक मिली औषध उभं असतं. वरून दुसरं इंजेक्शन दिलं की ते आधीच्या औषधात घुसतं. म्हणून मोठ्यांत १० मिली ही सवय लावून घ्या, लांब नळी असेल तर तिची क्षमता बघून जास्त. बाटली मोकळी सोडणं याला मी धुणं म्हणत नाही, कारण थ्री-वेचा आडवा कोपरा तसाच राहतो. सिरिंजने थांबत-थांबत ढकललं तर कोपरे स्वच्छ होतात. थ्री-वे फिरवून बाजूचं तोंडही धुवा, तिथेच सगळ्यात जास्त राहतं.

एक गोष्ट मात्र घाईने करू नका. नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोपामिन किंवा पोटॅशियम ज्या नळीतून चालू आहे ती नळी कधीच पुशने धुवायची नाही. नळीत उभं असलेलं सगळं औषध एकदम आत जातं, बीपी एकदम चढतं किंवा हृदयाचे ठोके बिघडतात. अशी नळी त्या औषधासाठीच राखून ठेवायची, तिच्यात दुसरं काही टोचायचंच नाही.

आमच्याकडचा अनुभव सांगते. थायोपेंटोन हे झोपवायचं औषध खूप अल्कलीधर्मी असतं. त्याच्यामागे लगेच स्नायू सैल करणारं व्हेक्युरोनियम किंवा रोक्युरोनियम दिलं तर नळीत दाट पांढरं साचतं, इतकं की लाइन बंदच होते. पेशंट झोपलेला, श्वास थांबलेला, आणि हातात चालू शीर नाही. त्यामुळे थायोपेंटोननंतर लाइन जोरात चालवून साफ झाल्याशिवाय दुसरी सिरिंज हातात घ्यायची नाही, हे आमच्या ज्युनियरना पहिल्याच आठवड्यात सांगितलं जातं.

आबोली_सिस्टर

मी नवजात शिशू कक्षात असते. वर डॉक्टरांनी २८ दिवसांचं लिहिलंय ते तक्त्यात सगळ्यात वर, लाल अक्षरांत घ्या. आमच्याकडे बाळ कावीळ झालेलं असतं, कॅल्शियम ग्लुकोनेट चालू असतं. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा आणखी एक धोका म्हणजे ते रक्तातल्या प्रथिनांवरून बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) सोडवतं आणि ते मेंदूकडे जाऊ शकतं. म्हणून आमच्याकडे सेफोटॅक्सिम वापरतात.

बाळांना १० मिलीने धुता येत नाही, हे नव्या सिस्टरना आवर्जून सांगा. दीड किलोच्या बाळाला दिवसभराचं द्रवच मोजून दिलेलं असतं. अर्धा ते एक मिली सलाइन, तेही हळू, आणि ते चार्टवर लिहायचं. दिवसातून सहा औषधं असतील तर ते सलाइन बेरजेत धरावंच लागतं. म्हणून आम्ही वेळा अशा लावतो की एका बाजूची औषधं लागोपाठ जातील, म्हणजे धुण्याच्या फेऱ्या कमी होतात. कॅल्शियम ग्लुकोनेट आणि सोडाबायकार्ब यांची वेळ कधीच शेजारी ठेवत नाही.

माडाखाली

माका एक इचारूचा आसा. मी मेडिकलवाला नाही, पण धागा सगळा वाचला. आमच्या गावात दवाखान्यात गेलं की माणसं म्हणतात, "डॉक्टर, सलाईन लावा, ताकदीची पिवळी बाटली लावा." माझ्या आईला अशक्तपणा होता तेव्हा एका बाटलीत पिवळं इंजेक्शन, त्यातच अँटिबायोटिक, त्यातच पोटाचं इंजेक्शन असं घातलेलं मी पाहिलंय. बाटली छान पिवळीधम्मक दिसत होती. तेही याच प्रकारात येतं का? आणि आम्ही नातेवाइकांनी विचारलेलं चालतं का?

कातळसडा

येतं, आणि हा प्रकार जास्त काळजीचा. नळीत दोन औषधं भेटतात ती मिनिटभर. बाटलीत ती तास-दीड तास एकत्र राहतात, सगळ्या द्रावणाचा पीएच बदलतो. मल्टिव्हिटॅमिनच्या पिवळ्या रंगात पांढरे कण दिसतही नाहीत. अँटिबायोटिक त्यात घातलं तर त्यातलं किती टिकलं हे सांगायला कुणाकडे आधार नाही. मला तर बाटलीत एकापेक्षा जास्त औषध घातलेलं बघवतच नाही, ठराविक तपासलेल्या जोड्या सोडून.

आईंना अशक्तपणा रक्त कमी असल्यामुळे असेल तर व्हिटॅमिनच्या बाटलीने तो जाणार नाही. आपल्याकडे गरोदर बायकांना लोहाची कमतरता असली की आयर्न सुक्रोज देतात, तेसुद्धा फक्त नॉर्मल सलाइनमध्ये आणि एकटंच. त्याच्या बाटलीत व्हिटॅमिन, कॅल्शियम, काहीही घालायचं नाही.

आणि तुम्ही जरूर विचारा. "डॉक्टर, या बाटलीत काय काय घातलंय ते कागदावर लिहून द्याल का?" एवढंच विचारा. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही. बाटलीवर चिकटपट्टी लावून औषधाचं नाव, मात्रा, वेळ आणि घालणाऱ्याची सही ही तर प्रत्येक वॉर्डाची रीत असायला हवी. बाटली रात्री कुणी मिसळली आणि सकाळी कुणी लावली हे वेगळे हात असतात.

दर्यावर्दी

कातळसडा, पटलं. पिवळ्या बाटलीची मागणी आम्हाला दररोज झेलावी लागते, आणि सलाइन लावलं नाही तर पेशंट शेजारच्या गावात जातो हेही खरं. पण त्यात अँटिबायोटिक घालायचं नाही हे माझ्या हातात आहे, ते मी पाळेन. एक विचारायचं राहिलं: झटका येणाऱ्या पेशंटला फेनिटॉइन देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवायचं असतं, तेव्हा डी-फाइव्ह (५ टक्के डेक्स्ट्रोज) लावलेलं असतं बऱ्याचदा, त्यातून चालेल का?

पन्हळ

डी-फाइव्हमध्ये फेनिटॉइन अजिबात नाही. फेनिटॉइनचा पीएच १२ च्या जवळ असतो, त्याला विरघळवून ठेवायला प्रोपिलीन ग्लायकोल आणि अल्कोहोल घातलेलं असतं. डेक्स्ट्रोज आम्लधर्मी. त्यात टाकलं की सुईसारखे बारीक स्फटिक होतात, नळी उजेडाकडे धरली तर चमकताना दिसतात. फक्त नॉर्मल सलाइन, आधी आणि नंतर सलाइनने धुणं, सलाइनमध्ये पातळ केलेलं चार तासांच्या आत संपवणं, आणि मोठ्यांत मिनिटाला ५० मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही. शिरेबाहेर गेलं तर हात जांभळा होऊन सुजतो, म्हणून मनगटावरची बारीक शीर टाळा. फॉसफेनिटॉइन असेल तर ते डेक्स्ट्रोजमध्येही चालतं. डायझेपामलाही पातळ करायचा प्रयत्न करू नका, तेही पांढरं होतं.

याच्या अगदी उलट बुरशीवरचं औषध अ‍ॅम्फोटेरिसिन. ते सलाइनमध्ये गढूळ होतं, त्याला डी-फाइव्हच लागतं. त्यामुळे "सलाइन सगळ्याला चालतं" हेही तक्त्यात लिहू नका. धुतानासुद्धा त्याला डी-फाइव्ह घ्यायचं.

घाटरस्ता

मी १०८ वर डॉक्टर आहे. आमच्याकडे पेशंट येतो तेव्हा लाइन आधीच लागलेली असते, आणि तिच्यात काय गेलंय हे चिठ्ठीवर असेल तर नशीब. इथून गोव्यात बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात किंवा घाटातून कोल्हापूरला जायचं, रात्र, पाऊस, गाडीत अंधूक दिवा. नळीत काही दिसणं कठीण.

विंचवाचा पेशंट घ्या. कोकणात लाल विंचू आहे, लॅटराइटच्या दगडांत, लाकडाच्या ढिगात, कौलांत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा वापर रुजवला, त्याबद्दलचं त्यांचं लिखाण १९८६ सालचं, आणि त्याने कितीतरी मुलं वाचली. प्राझोसिन तोंडाने देतात, त्यात लाइनचा प्रश्न नाही. पण उशिरा आलेल्या मुलाच्या फुप्फुसात पाणी भरलेलं असतं, तेव्हा हृदयाला जोर देणारं डोब्युटामिन चालू होतं, आणि कुणीतरी त्याच लाइनला फ्युरोसेमाइड पुश करतं. एक आम्लधर्मी, एक अल्कलीधर्मी. तिथे नळी पांढरी होते, वर डोब्युटामिन थांबतं किंवा धक्क्याने जातं. म्हणजे जे मूल डोब्युटामिनवर तगून आहे त्याचाच आधार आपण हलवतो. आम्ही आता गाडी सुटायच्या आत दुसरी शीर मागतो. डोब्युटामिनची लाइन वेगळी, तिला लाल चिकटपट्टी, तिला कुणीही हात लावायचा नाही.

सर्पदंशात मात्र दुसरी शीर मागताना विचार करावा लागतो. फुरसं किंवा घोणस चावलेला असेल तर रक्त गोठत नाही, जिथे टोचाल तिथून रक्त झिरपत राहतं.

कातळसडा

घाटरस्ता, अगदी महत्त्वाचं बोललात. विषारी सापाचा दंश म्हटला की पहिल्या पाच मिनिटांत, टेस्ट ट्यूबमधलं रक्त गोठतंय का बघायला वीस मिनिटं ठेवलेलं असतानाच, दोन इंट्राकॅथ घ्या. दोन्ही कोपराच्या खाली, जिथे दाबून धरता येईल अशा ठिकाणी, चावलेला अवयव सोडून. मानेत किंवा गळपट्टीच्या हाडाखाली नाही. एक लाइन फक्त एएसव्हीसाठी (सर्पविषावरच्या उताऱ्यासाठी). एएसव्ही सलाइनमध्ये किंवा डेक्स्ट्रोजमध्ये तासाभरात जातं, आणि त्या तासभर त्या लाइनमध्ये दुसरं काहीही टोचायचं नाही. रिअ‍ॅक्शन आली तर एएसव्ही थांबवायचं आणि अ‍ॅड्रेनलिन मांडीत स्नायूत द्यायचं, म्हणजे तेव्हा तर लाइन शोधत बसायचीच नाही. हायड्रोकॉर्टिसोन, अँटिहिस्टामिन दुसऱ्या लाइनमधून. एएसव्हीची पावडर पाण्यात विरघळवताना बाटली हलवून फेस करू नका, हळू फिरवा.

आणि रक्त चढवायची वेळ आली तर त्या सेटला फक्त नॉर्मल सलाइन. आरएलमधल्या कॅल्शियममुळे पिशवीतल्या सायट्रेटचा (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याचा) परिणाम जातो आणि नळीतच गुठळ्या होऊ शकतात. डी-फाइव्हने तांबड्या पेशी फुटतात. पॉलिजेलीनच्या (बीपी टिकवायला देतात त्या द्रवाच्या) बाटलीतही कॅल्शियम असतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडसुद्धा रक्ताच्या लाइनमध्ये नको, आणि पेनिसिलिनबरोबरही नको.

वळेसार

प्रसूतीच्या वॉर्डासाठी एक ओळ वाढवते. झटक्यांसाठी मॅगसल्फ देताना कॅल्शियम ग्लुकोनेट उशाशी ठेवलेलं असतं, कारण मॅग्नेशियम जास्त झालं तर तोच उतारा. गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडेनासा झाला, श्वास मंदावला, की घाईत ते त्याच नळीत दिलं जातं. आधी मॅगसल्फ बंद, नळी धुवा किंवा दुसरी शीर घ्या, मग १० टक्क्यांचं १० मिली कॅल्शियम दहा मिनिटांत, हळूहळू. आणि ती नळी धुतानाही सावकाश, कारण नळीत उरलेलं मॅग्नेशियमच आत जातं. ही वेळ अशी असते की हात थरथरतात, म्हणून ही ओळ प्रसूतिगृहात वेगळी लावा.

आबोली_सिस्टर

खाडीपलीकडची ताई, पांढरं दिसलं तर नेमकं काय करायचं तेही तक्त्यात घाला. तुमच्या सिस्टरला सुचलं, दुसऱ्या कुणाला घाबरून सलाइनने ढकलावंसं वाटेल. ढकलायचं नाही. थ्री-वे बंद. नळी कॅन्युलापासून सोडायची, कॅन्युलातून सिरिंजने मागे ओढायचं. संशय असेल तर ती कॅन्युला काढून नवीन. पेशंटचा श्वास, नाडी, ऑक्सिजन बघायचं, एमओंना (मेडिकल ऑफिसरना) कळवायचं. नळी टाकून द्यायची नाही, पिशवीत घालून त्यावर वेळ आणि औषधं लिहून ठेवायची.

पन्हळ

आणि ती माहिती पीव्हीपीआयला, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाला कळवता येते. टोल फ्री नंबर १८००-१८०-३०२४. नर्सनी कळवलेलंही घेतात, डॉक्टरच हवेत असं नाही.

तपासायची एक सोपी पद्धत: नळीच्या मागे काळा कागद किंवा एक्स-रेची फिल्म धरायची आणि बाजूने टॉर्च मारायचा. पांढऱ्या भिंतीसमोर धूसरपणा दिसत नाही. हे गाडीतही करता येईल, घाटरस्ता.

घाटरस्ता

करून बघतो. काळी फिल्म गाडीत ठेवायला जागा आहे. रेफर करणाऱ्या सगळ्यांना एक विनंती: रेफर चिठ्ठीत "या लाइनमध्ये शेवटचं काय दिलं, किती वाजता, धुतली की नाही" एवढी एक ओळ लिहा. घाटात आम्हाला तीच लागते.

खाडीपलीकडची

सगळ्यांचं लिखाण ड्यूटीनंतर दोनदा वाचलं. आमच्या एमओ सरांना आणि इनचार्ज सिस्टरना दाखवलं, तक्त्यावर दोघांची सही घेणार आहे. आत्ता असा केलाय:

वर लाल पट्टी: २८ दिवसांपर्यंतचं बाळ, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन नाही. खाली डावीकडे निळ्यात अल्कलीधर्मी, उजवीकडे केशरीत आम्लधर्मी, मध्ये "धुवा, १० मिली". त्याखाली कॅल्शियमचा चौकोन: आरएल, पॉलिजेलीन, कॅल्शियम ग्लुकोनेट, यांच्याजवळ सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सोडाबायकार्ब, मॅगसल्फ आणि रक्त नाही. मग "एकटंच जाईल" असा रकाना: फेनिटॉइन, रक्त, एएसव्ही, आयर्न सुक्रोज, नॉरअ‍ॅड्रेनलिन, डोब्युटामिन. तळाशी पांढरं दिसलं तर काय करायचं.

लेप्टोच्या पेशंटच्या वेळाही बदलल्या. सकाळी आठला आरएल थांबवून, धुऊन सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. नऊला धुऊन पॅन्टोप्राझोल. फ्युरोसेमाइड लागलं तर त्याच बाजूचं म्हणून त्यानंतर. ऑन्डनसेट्रॉन शक्यतो दहानंतर, आधी धुऊन. रात्रपाळीला एकटी सिस्टर असते तेव्हा तिला डोकं लावावं लागू नये म्हणून वेळा चार्टवर छापूनच ठेवतोय. काही चुकलं असेल तर सांगा, उद्या लॅमिनेट करायला देते.

पन्हळ

ताई, छान झालाय. तीन बदल सुचवतो. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या पुढे व्हॅन्कोमायसिन आणि अमिकासिन, जेन्टामायसिनही लिहा, ती एकत्र चालत नाहीत. फेनिटॉइनच्या पुढे "फक्त एनएस" (नॉर्मल सलाइन) आणि अ‍ॅम्फोटेरिसिनच्या पुढे "फक्त डी-फाइव्ह" असं मोठ्या अक्षरात. आणि फ्युरोसेमाइड, पॅन्टोप्राझोल एकाच बाजूची असली तरी एकमेकांत मिसळायची नाहीत, मध्ये धुवाच. एका गटात असणं म्हणजे एका सिरिंजमध्ये चालणं नव्हे, ही ओळ तक्त्यावर हवी.

आबोली_सिस्टर

"१० मिली" च्या खाली कंसात "मोठ्यांना" लिहा. बाळाच्या खाटेशी तोच तक्ता कुणी वाचला तर?

खाडीपलीकडची

चारही बदल केले. बाळांसाठी वेगळा छोटा तक्ता करते, अर्धा ते एक मिली असं लिहून, एसएनसीयूच्या (नवजात शिशू कक्षाच्या) सिस्टरकडून तपासून घेते. लॅमिनेशन परवावर ढकललंय.